पूर्वेच्या भिंतीची मोरवेल

अगं, तू पाठवलेला फोटो पाहिला. जांभळ्या फुलांनी गच्च भरलेली भिंत, खाली एक कुंडी, आणि तुझा प्रश्न: ‘ताई, हे आपल्याकडं येईल का?’ नव्या घराची भिंत अजून कोरी आहे. तिच्यावर आपल्या हातचं काहीतरी असावं असं तुला वाटतंय, ते मला पुरतं कळतं. सासरच्या घरात बाईला आपलं म्हणावं असं पहिलं काही मिळतं ते बहुतेक वेळा अंगणातच. म्हणून नुसतं हो किंवा नाही न सांगता सगळं नीट लिहितेय. दुपारी हात मोकळे झाले की सावकाश वाच.

फोटोतली वेल क्लेमॅटिसची. त्या गर्द जांभळ्या जातीचं नाव जॅकमनाय. इंग्लंडमधल्या वोकिंग गावी जॅकमन यांच्या रोपवाटिकेत ती तयार झाली आणि १८६२ साली पहिल्यांदा फुलली. दिसायला राणी आहे, पण ती थंडीची लेक आहे. हिवाळ्यात पानं झाडून गारठ्यात विसावा घेतल्याशिवाय तिला पुढच्या फुलांचं बळ येत नाही. तुमच्या नांदूरघाटला पौषात पहाटे हुडहुडी भरते खरी, पण दहा वाजले की ऊन अंगाला टोचायला लागतं. तेवढ्या थंडीनं तिचं भागत नाही. पुढं चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर गेला की कोवळे शेंडे करपतात आणि कुंडीतली मुळं तापतात. सिमल्याला, श्रीनगरला ती खुशाल लावावी. तुझ्या दारात ती आणणं म्हणजे तिचेही हाल आणि तुझेही.

आणि हो, मोबाइलवर क्लेमॅटिसच्या बियांची पाकिटं दिसतात, निळ्या-लाल-पिवळ्या फुलांच्या चित्रांची. ती मागवू नको. ही मोठ्या फुलांची वेल संकरातून आलेली आहे. तिचं बी आईसारखं निघत नाही, म्हणून रोपवाटिकावाले ती काडी लावून किंवा कलमानंच वाढवतात. चित्रावरचं फूल त्या पाकिटातून कधीच उगवणार नाही. ते पैसे टिपाडाला आणि शेणखताला लागतील.

पण बाई, क्लेमॅटिसचं हे सगळं कूळ काही परकं नाही. जगात त्याच्या सुमारे तीनशे जाती आहेत आणि त्यातल्या काही आपल्या मातीतल्या आहेत. जोसेफ हूकर यांनी १८७२ ते १८९७ या काळात हिंदुस्थानच्या वनस्पतींची सात खंडांची मोठी नोंद छापली. तिची सुरुवातच या वेलीच्या वंशापासून होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी पुढं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यातही ही वेल आहे. हिमालयातली पांढऱ्या-गुलाबी फुलांची क्लेमॅटिस मोंटाना तर लेडी अॅम्हर्स्ट यांनी १८३१ मध्ये इथून इंग्लंडला नेली आणि तिथल्या घरांच्या भिंती तिनं झाकून टाकल्या. आपल्याकडून तिकडं गेलेल्या वेलींचे फोटो बघून आपण हळहळावं, हे मला पटत नाही.

आपली वेल म्हणजे मोरवेल. काही भागांत तिला रानजाईही म्हणतात. सह्याद्रीत आणि दख्खनच्या पठारावर खडकाळ उतारांवर, बांधावरच्या झुडपांच्या अंगावर ती चढलेली असते. एरवी तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. पण भाद्रपद लागला की शुभ्र फुलं उमलतात, दीड-दोन इंच रुंदीची, मधोमध केसरांचा दाट पुंजका. गंमत अशी की तिला पाकळ्या नसतातच. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती तिची निदलं, म्हणजे कळी झाकणारा बाहेरचा घेर. फूल गळलं की जागेवर बियांचा झुबका धरतो आणि प्रत्येक बीला रेशमी केसांची लांब शेपटी फुटते. मार्गशीर्षात तिन्हीसांजेच्या उन्हात ते झुबके चमकतात. मला विचारशील तर फुलांपेक्षा मला तेच जास्त आवडतात.

ओळखायची खूण सांगते, नाहीतर रानातून भलतंच उचलून आणशील. पानं समोरासमोर जोडीनं येतात, आणि पानाचा देठच काडीला वेढा घालून वेल वर चढवतो. मधुमालतीचं खोड पिळा घेतं, काकडीला तंतू असतात. हिला दोन्ही नाही. चार्ल्स डार्विननं १८६५ मध्ये वेलींच्या चढण्यावर प्रबंध लिहिला, त्यात याच कुळातल्या वेलींवर केलेले प्रयोग आहेत. देठावर नुसता हलका दोरा अडकवला तरी देठ त्याच्याकडं वळतो, असं त्याला दिसलं. हे लक्षात ठेव. पुढं भिंतीला आधार कसला द्यायचा ते यावरच ठरतं.

आता तू म्हणशील, पांढरी? मला तर जांभळी हवी होती. जांभळ्याची हौस गोकर्णावर भागव. वेगळ्या बादलीत दोन बिया टाक, दोन-अडीच महिन्यांत निळी-जांभळी फुलं येतील. पहिल्या वर्षी मोरवेल तुला फारसं काही दाखवणार नाही, तेव्हा भिंत अगदीच सुनी वाटू नये म्हणूनही गोकर्ण बरा. फक्त दोघींना एका मातीत घालू नको. गोकर्ण भराभर वाढतो आणि शेजारणीचं पाणी पिऊन टाकतो.

भिंत कोणती, याचा विचार सगळ्यात आधी कर. तुमच्या घराची दर्शनी भिंत पश्चिमेला आहे आणि तुला तीच सजवायची आहे, मला माहीत आहे. तिचा नाद सोड. पश्चिमेची सिमेंटची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत ती धग बाहेर टाकत राहते. वेलीला रात्रीसुद्धा विसावा मिळत नाही. न्हाणीघराकडची पूर्वेची भिंत घे. सकाळचं ऊन कोवळं असतं, चार-पाच तास मिळालं की पुरतं, आणि दुपारी घराचीच सावली तिच्यावर पडते. सध्या वैशाख आहे, हेच बघायचे दिवस. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता त्या भिंतीला हात लावून बघ. चारला हात सुखानं टेकवता आला तर जागा चांगली.

छज्जा किती पुढं आलाय तेही बघ. पावसाळ्यात सगळ्या अंगणात चिखल असतो आणि भिंतीला चिकटून ठेवलेली कुंडी मात्र कोरडी ठणठणीत, कारण पाऊस छज्ज्यावरून पलीकडं पडतो. श्रावणात झाड वाळायला लागलं की लोक रोग शोधत बसतात. कुंडी भिंतीपासून हात-दीड हात पुढं ठेव आणि वेल काडीनं तिरकी भिंतीकडं ने.

आता कुंडी. इथं कंजूषपणा करू नको आणि दुकानातल्या नक्षीला भुलू नको. मोरवेलीची मुळं खोल जातात, तिला निदान दीड फूट खोली लागते. दोनशे लिटरचं निळं टिपाड मधोमध आडवं कापलं की सव्वा फुटाहून जास्त, जवळजवळ दीड फूट खोलीची आणि पावणेदोन-दोन फूट रुंदीची दोन भांडी मिळतात. यापेक्षा स्वस्त आणि चांगलं भांडं मला माहीत नाही. टिपाड कशाचं होतं ते मात्र विचारून घे. फवारणीच्या औषधाचं किंवा रसायनाचं असेल तर फुकट दिलं तरी नको. खाण्याच्या तेलाचं किंवा काकवीचं असेल तर उत्तम. तळाला बोटभर रुंदीची सहा-सात भोकं पाडायची, आणि टिपाड तीन विटांवर ठेवायचं म्हणजे भोकं बुजत नाहीत. भोकावर एकेक खापराचा तुकडा पालथा ठेवला की झालं. तळात खडीचा जाड थर घालायला लोक सांगतात, त्यानं पाण्याचा निचरा सुधारत नाही. उलट मुळांची तेवढी जागा जाते.

हे सगळं जमिनीवर ठेव, स्लॅबवर नेऊ नको. ओल्या मातीनं भरलेलं अर्धं टिपाड दीडशे किलोच्या घरात जातं.

माती भरताना तुझ्या हातून एक गोष्ट हमखास होईल, म्हणून आधीच अडवते. शेतातली काळी कसदार माती आणून तू टिपाड काठोकाठ भरशील. ती माती कापसाला सोनं आहे, पण कुंडीत नको. पाणी लागलं की ती फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तटातट तुटतात. मोरवेल मुरमाड उतारावर वाढणारी आहे. बालाघाटाच्या ज्या खडकाळ माळांवर आपलं सीताफळ वाढतं, तिथंही माती वीतभर आणि खाली मुरूमच असतो. अशी झाडं पाणी झरझर खाली जाणाऱ्या जागेला सरावलेली असतात. म्हणून दोन घमेली ओढ्याचा पोयटा, एक घमेलं चाळलेला बारीक मुरूम, एक घमेलं पुरतं कुजलेलं शेणखत, असं प्रमाण धर आणि दर चार घमेल्यांमागं ओंजळभर निंबोळी पेंड टाक. शेणखत काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं हवं. ताजं शेण मुळं जाळतं.

चुलीची राख घालू नको. आत्याबाई, म्हणजे तुझ्या सासूबाई, सांगतील, आणि वांगी-मिरचीला त्या घालत आल्या आहेत हे खरं. पण आपल्या भागातली माती बरीचशी चुनखडीची, बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तो तू रोज घासतेस. राखेनं तोच गुण आणखी वाढतो. या कुळातल्या बऱ्याच वेलींना चुन्याचं तेवढं वावडं नसतं, ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे. तरीही कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं, तर लोह कमी पडतंय असं समज. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवार. शंका असेल तर पाहुण्यांच्या, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या, हातून मूठभर माती अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासायला पाठव. शेताच्या मातीबरोबर हीही जाईल.

मुळं गार राहिली पाहिजेत, बाकी सगळं त्यानंतर. वेलीचा शेंडा उन्हात चालतो, किंबहुना त्याला ऊन लागतंच, पण मुळं तापली की ती सावरत नाही. जमिनीतल्या झाडाची मुळं मातीत खोल गारव्याला जातात, कुंडीतल्या झाडाला पळायला जागा नसते. टिपाडाचं प्लॅस्टिक उन्हात हात लावू देत नाही, मग आतल्या बाजूला टेकलेल्या मुळांचं काय होत असेल? बाहेरून चुन्याचे दोन हात दे. फाल्गुनापासून मृगापर्यंत भोवती गोणपाट गुंडाळ, जमलं तर दुपारी ते ओलं कर. वरच्या मातीवर चार बोटं जाड उसाचं पाचट पसर, खोडापासून वीतभर सोडून. आणि टिपाडाभोवती छोट्या कुंड्या मांड: पानओवा, पुदिना, कढीपत्ता. त्यांची सावली टिपाडाच्या अंगावर पडते. त्या स्वयंपाकालाही लागतात, म्हणून घरात कुणी ‘हा पसारा कशाला’ असं विचारत नाही.

इथं आत्याबाईंचं बोलायलाच हवं. त्या म्हणाल्या, ‘प्यायला पाणी नाही आन् फुलाला कुठून घालायचं?’ आणि तुला ते लागलं. लावून घेऊ नको गं. बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान होत्या, त्यांच्या घरानं काय सोसलं ते एकदा त्यांच्याजवळ बसून ऐक. आणि फार लांब कशाला जायचं? आपल्याच केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. ते आटलं म्हणून २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कधी आर्द्रात पडतो, कधी उत्तरापर्यंत तोंड लपवतो. ज्या बाईनं टँकरच्या रांगेत उन्हाळे काढले, तिला फुलासाठी ओतलेला तांब्या दिसणारच. वाद घालू नको. पिण्याच्या पाण्यातला थेंबही वेलीला जात नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे.

त्यासाठी मडकं वापर. तीन-चार लिटरचं साधं मडकं घे, झिलई किंवा रंग लावलेलं नको. टिपाड भरतानाच ते मातीत गळ्यापर्यंत पुर, खोड लागणार त्या जागेपासून वीतभर अंतरावर. त्यात पाणी भरायचं आणि तोंडावर खापरी ठेवायची, म्हणजे डास अंडी घालत नाहीत आणि पाणी उडूनही जात नाही. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरत राहतं. माती कोरडी असेल तर जास्त, ओली असेल तर कमी; मुळं आपसूक मडक्याभोवती जमतात. वरून ओतलेलं पाणी बरंचसं उन्हात उडतं, तसं इथं होत नाही. हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी आणि मे महिन्यात दिवसाआड भरलं तर भागतं. भाजी, डाळ, तांदूळ धुतलेलं पाणी गाळून घाल. साबणाचं आणि मिठाचं पाणी मात्र चुकूनही नको. आपल्या जड पाण्यानं मडक्याची छिद्रं हळूहळू बुजतात. पाणी खाली जायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतोय असं वाटलं की पावसाळ्याच्या तोंडाला मडकं बदलायचं. जुनं फोडून खापरं टिपाडाच्या तळाला.

आधाराचं सांगते. जाड बांबू रोवशील तर वेल त्याच्या पायाशी लोळत बसेल. पानाचा देठ केवढा, तो बांबूला वेढा कसा घालणार? करंगळीहून बारीक असेल तेच तिला धरता येतं. पहिल्या दोन-तीन फुटांसाठी पऱ्हाटी सर्वांत छान: बारीक, फाटे फुटलेली, खरबरीत. सरपणाच्या ढिगातून चार चांगल्या काड्या बाजूला काढ. त्याच्या वर भिंतीला दोन आडव्या तारा हव्यात, एक कमरेच्या उंचीला आणि एक छज्ज्याखाली. वायरमनला सांगून भिंतीत गिट्टी बसवून लांब हूक लावून घे, तार भिंतीपासून तीन बोटं पुढं राहील असे. मध्ये हवा खेळली पाहिजे, नाहीतर भिंतीची धग थेट पानांना लागते. मग दोन तारांच्या मध्ये उभ्या सुतळ्या बांध, वीत-वीत अंतरावर. लोखंडी जाळी लावू नको. उन्हात ती तापते आणि कोवळे देठ भाजतात. सुतळीचा आणखी एक फायदा आहे, छाटणीच्या वेळी वेल सोडवत बसावं लागत नाही, सुतळीसकट कापून टाकायची आणि नवी बांधायची. घर नवं आहे म्हणून पाहुण्यांना काळजी असेल, तर त्यांना सांग, ही वेल भिंतीत मुळं घालत नाही. पिंपळ-वडासारखी गिलावा फोडत नाही.

शेळ्यांचं आणि लेकरांचं भान ठेव. या वेलीचा ओला रस तिखट असतो, कातडीला लागला तर आग होते, फोडही येतात. जुन्या काळी युरोपात भिकारी लोक अंगावर मुद्दाम फोड उठवायला याच कुळातल्या वेलीचा रस चोळत, म्हणजे बघ. छाटताना हातात मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढव, डोळ्यांना हात लावू नको, आणि कापलेला ओला पाला शेळ्यांपुढं टाकू नको. कुणी पानं वाटून गुडघ्यावर किंवा कपाळावर बांधायला सांगितली तर अजिबात बांधायची नाहीत. टिपाडाभोवती त्या छोट्या कुंड्या मांडायला सांगितल्या, त्याचं हेही एक कारण आहे. रांगतं लेकरू थेट खोडापाशी पोचत नाही.

लावल्यावर पहिलं वर्ष तुझ्या धीराचं आहे. रोप लावताना पिशवीत होतं त्यापेक्षा दोन बोटं खोल लाव, म्हणजे खालच्या डोळ्यांची एक जोडी मातीत जाईल. पुढं वरचं खोड मोडलं, शेळीनं खाल्लं, उन्हानं वाळलं, तरी त्या डोळ्यांतून वेल पुन्हा फुटते. त्या वर्षी ती कमरेएवढी झाली तरी पुष्कळ. फूल एखादं आलं तर आलं. सगळी धाव मुळांकडं असते, आणि ती आपल्याला दिसत नाही. या काळात तू युरियाची चिमूट टाकायचा विचार करशील, तो करू नको. युरियानं नुसता मऊ पाला सुटतो आणि त्याच्यावर मावा बसतो. श्रावणात एकदा दोन ओंजळी शेणखत, बस.

पहिल्या उन्हाळ्यात वेल खालून पानं टाकेल, वरून वाळकी दिसेल आणि आत्याबाई म्हणतील, ‘मेली ती, उपटून टाक.’ उपटू नको. नखानं खोडाची साल जराशी खरवडून बघ. आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे, मडक्यात पाणी घालत राहा. वाळक्या काड्याही लगेच कापू नको, त्यांची विरळ सावली खालच्या खोडाला मिळते. रोहिणी निघाली की, मृगाच्या आधी, मातीपासून हातभर ठेवून वरचं सगळं छाट, डोळ्यांच्या जाड जोडीच्या जरा वर. मोरवेलीला फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटायला घाबरायचं कारण नाही.

किडीचं फार मनावर घेऊ नको. उन्हाळ्यात पानांच्या पाठीमागं लाल कोळी येतात, पाण्याचा जोरदार फवारा खालून मारला की कमी होतात. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क. पाहुणे कपाशीला करतात तोच.

तुझ्या शेजारणीलाही वेल हवी आहे म्हणालीस. ते घर दसरा झाला की ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्यातच परततं, मग तिची वेल कोण बघणार, ही तुझी शंका. पण बघ ना, ही वेल मृगाला फुटते आणि भाद्रपद-आश्विनात फुलते, म्हणजे शेजारीण घरी असते तेव्हाच. ती कोयता घेऊन निघते, त्यानंतर वेल बी धरते आणि विसाव्याला लागते. तेवढे महिने तिच्या टिपाडातलं मडकं तू भरलंस की झालं. तिलाही दे. टिपाडाचा दुसरा अर्धा भाग तसाही शिल्लक राहणार आहे.

रानातून वेल उपटून आणायची नाही, हे माझं तुला निक्षून सांगणं आहे. मुळं खडकात रुतलेली असतात, निम्मी तिथंच तुटतात. रोप जगत नाही आणि रानातलीही एक वेल जाते. बी हवं असेल तर मार्गशीर्षात झुबके तपकिरी होऊन हाताला सहज सुटले की थोडं घ्यायचं, सगळं नाही. कागदात ठेवायचं आणि मृगाला पिशवीत पेरायचं, अगदी वरवर. उगवायला महिना-दीड महिना लागतो, कधी त्याहून जास्त, म्हणून पिशवी लवकर उलटून बघू नको. त्यापेक्षा सोपा मार्ग दाब कलमाचा. वेलीची लांब काडी शेजारच्या कुंडीत वाकवायची, डोळ्याजवळ जरा खरवडून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा. काही महिन्यांत मुळं सुटतात, मग आईपासून तोडायची.

माझ्या वेलीच्या दोन काड्या मी तशा दाबून ठेवल्या आहेत, एक तुझी आणि एक तुझ्या शेजारणीची. पाऊस नीट बसला, जमिनीची धग गेली, की आषाढात घेऊन येते. तोवर टिपाडं कापून, भोकं पाडून, मडकी पुरून, माती भरून ठेव. भरल्यावर दोन-तीनदा भरपूर पाणी घाल. माती चार-सहा बोटं खाली बसेल, तेवढी वरून पुन्हा भर. आणि हूक बसवायला वायरमन येईल तेव्हा त्याला चहा करून दे आणि स्वतः उभी राहून तीन बोटांचं अंतर मोजून घे, नाहीतर तो तार भिंतीला चिकटवून निघून जाईल.